बर्फात फुललेला सुगंधी गुलाब

(आमच्या केंद्रावरून झालेलं भाषण. वाचताना सोपं जावं म्हणून मध्ये छोटे मथळे दिले आहेत.)



मागच्या वेळी आपण परसबागेबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी गुलाबाचा विषय काढला. एकीने विचारलं, "आणलेलं रोप पहिल्या वर्षी मोठं लाल फूल देतं, दुसऱ्या वर्षी भलतंच काहीतरी फुलतं, ते का?" दुसरी म्हणाली, "आजीच्या दारातल्या गावठी गुलाबाचा वास आता कुठल्याच गुलाबाला येत नाही. तो गेला कुठे?" या दोन प्रश्नांची उत्तरं शोधत आम्ही निघालो आणि पोहोचलो थेट कॅनडात. आपल्यापासून फार लांबचा, उत्तरेकडचा, हाडं गोठवणाऱ्या थंडीचा देश. तिथे काही माणसांनी, आणि त्यातही काही बायकांनी, हाच प्रश्न आयुष्यभर हाती धरला होता. गुलाब जगला पाहिजे आणि त्याला वासही आला पाहिजे, हे दोन्ही एकाच झाडात कसं जमवायचं? आज त्यांचा इतिहास सांगतो.

थंडी म्हणजे किती थंडी?

आपल्याकडे निफाडच्या बाजूला पारा पाचाच्या खाली उतरला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रात फोटो येतो. आपल्याला ती मोठी थंडी. पण घरच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा आठवा. तिथे साधारण उणे अठरा अंश असतात. कॅनडाची राजधानी ओटावा इथे हिवाळ्यात कधी कधी उणे तीस अंशांपर्यंत पारा जातो आणि पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतात उणे चाळीसही होतं. म्हणजे आपल्या बर्फाच्या कप्प्यापेक्षाही कितीतरी थंड जागी झाडाने सगळा हिवाळा उघड्यावर काढायचा.

अशा थंडीत गुलाब मरतो कसा, ते समजून घेऊ. झाडाच्या अंगात पाणी असतं. थंडी वाढली की त्या पाण्याचा बर्फ होतो. पेशीच्या बाहेर बर्फ झाला तर तो आतलं पाणी ओढून घेतो आणि पेशी सुकते. पेशीच्या आतच बर्फ झाला तर ती फुटते. काचेच्या बाटलीत पाणी भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं की बाटली तडकते, तसंच. फांदी काळी पडते. वरून कोरडा वारा लागला की उरलंसुरलं पाणीही उडून जातं, आणि जमीन गोठलेली असल्यामुळे मुळं नवीन पाणी देऊ शकत नाहीत.

यातून वाचण्याची युक्ती काही झाडांच्या रक्तातच असते. दिवस लहान व्हायला लागले की ती वाढ थांबवतात, नवी कोवळी फूट काढत नाहीत, लाकूड पक्कं करतात, पानं गाळतात आणि झोपी जातात. जी झाडं वेळेवर झोपत नाहीत, पावसाळा अजून चालूच आहे असं समजून पालवत राहतात, ती पहिल्या कडक थंडीत जातात. गुलाबांचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

वासाचे जुने गुलाब आणि चीनहून आलेले पाहुणे

युरोपातले जुने गुलाब बऱ्यापैकी काटक होते आणि सुगंधीही. ज्याचं अत्तर आणि गुलाबपाणी होतं तो दमास्क गुलाब त्यातलाच. पण त्यांतले बहुतेक वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडे फुलत. मग वर्षभर नुसती काटेरी झुडपं.

अठराव्या शतकाच्या शेवटी चीनमधले गुलाब जहाजांतून युरोपात गेले. ते पुन्हा पुन्हा फुलत. युरोपवाल्यांना त्याचं फार अप्रूप वाटलं. त्यांतली काही रोपं कोलकात्यामार्गे गेली, म्हणून फ्रान्समध्ये या गुलाबांना चक्क 'बंगालचे गुलाब' म्हणू लागले! मूळ चीनचं, नाव बंगालचं. आपल्याकडे तरी वेगळं काय? माल एका गावचा आणि नाव बाजारपेठेचं, हे नेहमीचंच.

मग जुन्या आणि नव्या गुलाबांचे संकर सुरू झाले. १८६७ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरातून 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब आला. आज दुकानात लांब दांड्याचा, एका दांड्यावर एक टोकदार कळी असलेला जो गुलाब मिळतो, त्या घराण्यातला पहिला म्हणून त्याला ओळखतात. रूप देखणं आणि फुलणं बारमाही. पण चीनकडच्या उबदार प्रदेशातून आलेलं रक्त त्यात असल्यामुळे ही झाडं हिवाळा आला तरी झोपायचं नाव घेत नाहीत. लंडन-पॅरिसच्या थंडीत ती कशीबशी निभावली. कॅनडात गेली आणि पटापट मेली.

बायकांनी काय केलं?

कॅनडात गेलेल्या बायकांनी आपल्या माहेरच्या गावातले गुलाब बरोबर नेले होते किंवा मागवले होते. नव्या, परक्या देशात दाराशी ओळखीचा वास हवा, ही इच्छा आपल्यातल्या कोणत्या सासुरवाशिणीला कळणार नाही? लग्न होऊन आलो तेव्हा पिशवीतून तुळशीचं बी किंवा मोगऱ्याची फांदी आणलेल्या आपल्यात कितीतरी जणी आहेत.

गुलाब वाचवायला त्यांनी केलेले उपाय मेहनतीचे होते. हिवाळ्याआधी झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर उंच किंवा त्याहून जास्त मातीचा ढीग करायचा आणि वर पालापाचोळा घालायचा. एक रीत तर अशी होती की झाडाच्या एका बाजूची मुळं सैल करायची, फांद्या दोरीने बांधायच्या आणि अख्खं झाड आडवं करून चरात पुरायचं. वसंतात पुन्हा उकरून उभं करायचं. दरवर्षी. घरातलं बाळ झोपवावं आणि उठवावं तसं.

एक मदत मात्र फुकट मिळे, ती बर्फाची. ऐकायला उलटं वाटेल, पण भुसभुशीत बर्फ गोधडीसारखा असतो. त्यात हवा अडकलेली असते, म्हणून खालची जमीन आणि झाडाचा बुडखा तेवढा थंड होत नाही. बर्फाखाली झाकलेली फांदी वाचते आणि बर्फाच्या वर डोकावणारी मरते. ज्या वर्षी थंडी कडक आणि बर्फ कमी, ते वर्ष गुलाबाला सगळ्यात वाईट.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ. दुसऱ्या वर्षी भलतंच फूल का येतं? नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा डोळा भरलेला असतो. खाली जंगली, दमदार मुळांचा खुंट आणि वर आपल्याला हवी ती जात. वरचा भाग थंडीने, उन्हाने किंवा चुकीच्या छाटणीने मेला की खालचा खुंट फुटतो. आपण खतपाणी घालत राहतो आणि फूल येतं ते खुंटाचं. आमच्या केंद्राच्या अंगणातही हेच झालं होतं. मोठ्या कौतुकाने आणलेल्या गुलाबाला दुसऱ्या पावसाळ्यात छान लांब फुटवे आले. आम्ही खुशीत होतो. पुढे त्यावर बारीक, फिक्या फुलांचे झुबके लागले. रोपवाल्याने फसवलं म्हणून आम्ही त्याला बोल लावला. खरं म्हणजे बुंध्याजवळ, डोळ्याच्या खालून येणारे फुटवे वेळेवर काढायचे असतात, हे आम्हालाच माहीत नव्हतं.

कॅनडातल्या बायकांचं दरवर्षी हेच होई. वरचा सुगंधी गुलाब हिवाळ्यात जाई आणि वसंतात खुंट हसत वर येई. म्हणून थंड मुलखात डोळ्याचा सांधा चांगला चार ते सहा बोटं जमिनीखाली गाडायला सांगतात. त्याहून बरं म्हणजे छाट कलमावर, स्वतःच्याच मुळांवर वाढलेलं झाड लावायचं. ते जमिनीपर्यंत जळालं तरी मुळातून पुन्हा तोच गुलाब येतो.

पण किती दिवस झाकायचं आणि पुरायचं? झाकावंच लागू नये असा गुलाब करता येईल का, असा प्रश्न काही जणांनी विचारला.

समुद्रकाठचा सुरकुतलेला गुलाब

उत्तर एका रानगुलाबात होतं. जपान, कोरिया आणि रशियाच्या अगदी पूर्वेकडच्या समुद्रकाठच्या वाळूत एक गुलाब वाढतो. शास्त्रात त्याला रोझा रुगोसा म्हणतात. रुगोसा म्हणजे सुरकुत्यांचा. त्याची पानं सुरकुतलेली आणि जाड असतात, फांदीवर काट्यांची दाटी असते. खारा वारा, रेताड जमीन, कडाक्याची थंडी, सगळं तो सोसतो. रोगही कमी येतात. आणि वास? लवंगेची झाक असलेला, गोड, भरपूर! फूल झडलं की लहान टोमॅटोएवढी लालबुंद फळं धरतात. त्यांत क जीवनसत्त्व भरपूर असतं.

दोष म्हणाल तर फूल विस्कटलेलं, पाकळ्या लवकर गळतात, फुलदाणीत टिकत नाही. देखण्या गुलाबांच्या पंक्तीत याला कोणी बसवत नव्हतं. पण थंडी आणि वास हे दोन्ही गुण एकाच जागी ज्याच्याकडे होते, तो हाच.

ओटावामध्ये १८८६ साली सरकारने मोठं प्रयोगक्षेत्र सुरू केलं. त्याचे पहिले संचालक विल्यम सॉन्डर्स. मूळचे औषधांच्या धंद्यातले. त्यांनी या सुरकुतल्या गुलाबाचा इराणकडच्या एका गडद पिवळ्या गुलाबाशी संकर केला. त्या पिवळ्या गुलाबाचा रंग सुंदर, पण वास नकोसा. त्यातून निघाला फिकट पिवळा, भरगच्च पाकळ्यांचा सुगंधी गुलाब. नाव 'ॲग्नेस'. सॉन्डर्स यांच्या पत्नीचं नाव सारा ॲग्नेस होतं. हा गुलाब लोकांपर्यंत पोहोचला १९२२ मध्ये आणि सॉन्डर्स वारले होते १९१४ मध्ये. लावलेल्या झाडाचं फूल दुसऱ्यांच्या हाती जाणं, हे या कामात पुन्हा पुन्हा दिसतं.

पश्चिमेकडे अल्बर्टात जॉर्ज ब्युन्ये नावाचे फ्रान्सहून आलेले शेतकरी होते. ते लेखकही होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पत्नीसह येऊन त्यांनी रान तोडून शेती केली, मोठा संसार केला. तिथल्या रानात एक जंगली गुलाब आपोआप वाढतो, पाच पाकळ्यांचा, गुलाबी. १९३० पासून तो अल्बर्टा प्रांताचं अधिकृत फूल आहे. ब्युन्ये यांनी विचार केला, जो इथला आहे आणि उणे चाळीसात हसतो, त्याचंच रक्त वापरू. थंड मुलखातले गुलाब एकमेकांशी जोडत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९५० मध्ये त्यांचा 'तेरेझ ब्युन्ये' हा गुलाब बाहेर आला. गुलाबी, सुगंधी, पुन्हा पुन्हा फुलणारा. पानं झडल्यावर याच्या फांद्या लाल दिसतात, म्हणजे हिवाळ्यातही पांढऱ्या बर्फात रंग. नाव घरातल्याच तेरेझचं. आजही थंड मुलखातल्या बागांत तो लावतात.

रोजंदारीवर लागलेली इझाबेला

आता ज्यांच्यासाठी आम्ही हा विषय घेतला, त्या दोघींकडे येऊ.

इझाबेला प्रेस्टन १८८१ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर गावात जन्मल्या. १९१२ मध्ये बहिणीबरोबर कॅनडात ग्वेल्फ इथे आल्या. तिथल्या कृषी महाविद्यालयात नाव घातलं, पण त्यांचं मन वर्गापेक्षा हातात माती असण्यात रमलं. संकराचं काम त्या करूनच शिकल्या. १९२० मध्ये त्या ओटावाच्या प्रयोगक्षेत्रावर गेल्या, तेव्हा सुरुवातीला त्यांना रोजंदारीवर घेतलं होतं. पुढे त्याच कॅनडातल्या फुलझाडांच्या पैदासकार म्हणून जगभर ओळखल्या गेल्या. १९४६ ला निवृत्त होईपर्यंत त्यांनी लिली, लायलॅक, रानसफरचंद, आयरिस आणि गुलाब यांच्या नव्या जाती तयार केल्या. त्यांचा 'कार्मेनेटा' नावाचा गुलाब १९२३ चा. त्यातही तोच सुरकुतला रुगोसा होता.

लायलॅक हे तिकडचं सुगंधी फुलझाड. वसंतात लवकर फुलतं आणि उशिराच्या दहिवरात सापडतं. प्रेस्टनबाईंनी उशिरा फुलणारे लायलॅक तयार केले, म्हणजे दहिवर येऊन गेल्यावर हे फुलणार. थंडीशी भांडण्यापेक्षा तिची वेळ टाळली. आपण पेरणीची तारीख मागेपुढे करतो, तीच अक्कल. त्या लायलॅकच्या गटाला शास्त्रीय नावातच प्रेस्टनबाईंचं नाव दिलं गेलं.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. आपल्या लिलीच्या काही जातींना त्यांनी प्रयोगक्षेत्राच्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या मुलींची नावं दिली. साहेबांची पत्रं टाइप करणाऱ्या, ज्यांचं नाव कोणत्या अहवालावर येत नाही, त्या मुलींची! नाव देणं हातात आलं तेव्हा त्यांना या मुली आठवल्या.

फेलिसिटास श्वेयदा यांची निवड

दुसऱ्या फेलिसिटास श्वेयदा. १९२० मध्ये ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात जन्म. तरुणपण महायुद्धात गेलं. युद्धानंतर शेतीशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९५३ मध्ये त्या कॅनडात आल्या. १९६१ पासून ओटावाच्या त्याच प्रयोगक्षेत्रावर त्यांनी गुलाबाचं काम हाती घेतलं.

हे काम कसं चालतं ते सांगतो, कारण नुसतं 'संकर केला' म्हणून भागत नाही. कळी उमलायच्या आधी तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे, म्हणजे तिचे स्वतःचे पराग तिला लागणार नाहीत. मग हव्या त्या गुलाबाचे पराग कुंचल्याने स्त्रीकेसरावर लावायचे. वर पिशवी बांधायची, मधमाशी येऊ नये म्हणून. चिठ्ठी लावायची. शरद ऋतूत फळ पिकलं की बी काढायचं. हे बी लगेच उगवत नाही. त्याला काही आठवडे, कधी महिने, ओलाव्यात आणि थंडीत ठेवावं लागतं, तेव्हा ते जागं होतं. रोप आलं तरी पहिलं फूल बघायला काही जातींत दोन-तीन वर्षं लागतात. मग पुढची कित्येक वर्षं बघायचं. जगतं का? पुन्हा फुलतं का? पानावर काळे डाग येतात का? वास आहे का? शेकडो रोपांतून एखादंच ठेवायचं आणि बाकीची उपटून टाकायची.

श्वेयदाबाईंचा नियम कडक होता. झाड उघड्यावर लावायचं. हिवाळ्यात झाकायचं नाही. औषध फवारायचं नाही. जे स्वतःच्या बळावर उभं राहील तेच पुढे जाईल. ज्या घरात माळी नाही, औषधाला पैसे नाहीत, त्या घरातल्या बाईच्या दारात हे झाड जगलं पाहिजे. नियमाचा अर्थ आम्ही असा घेतला.

त्यांनी दोन वाटा धरल्या. पहिली, आपला सुरकुतला रुगोसा. दुसरी वाट जर्मनीतून आली. तिथे कोर्डेस नावाचे गुलाब पैदासकार होते. त्यांच्याकडे रुगोसाचा एक संकर होता, काटक पण वांझोटा, खेचरासारखा. वर्षानुवर्षं त्याला बी धरेना. एकदा कधीतरी थोडं बी धरलं आणि त्यातल्या एका रोपात आनुवंशिक द्रव्य आपोआप दुप्पट झालेलं निघालं. ते रोप वांझ नव्हतं! त्यातून वेलीसारखे चढणारे, काटक गुलाब करता येऊ लागले.

१९६८ मध्ये श्वेयदाबाईंचा पहिला गुलाब आला, 'मार्टिन फ्रॉबिशर'. फिकट गुलाबी, चांगल्या वासाचा. १९७४ मध्ये 'येन्स मुंक', १९७६ मध्ये पांढरा 'हेन्री हडसन', १९७९ मध्ये 'डेव्हिड थॉम्पसन'. हे सगळे रुगोसाच्या वाटेचे, सगळे सुगंधी. दुसऱ्या वाटेने १९७८ मध्ये 'जॉन कॅबट', १९८३ मध्ये 'विल्यम बॅफिन' आणि १९८६ मध्ये 'जॉन डेव्हिस' आले. 'विल्यम बॅफिन' तर एवढा दणकट की कॅनडाच्या थंडीतही कमानीवर चढतो. पण त्याला वास जवळजवळ नाही. 'जॉन डेव्हिस'ला आहे.

इथे थोडं थांबूया. काटकपणा, पुन्हा पुन्हा फुलणं, रोग न येणं, रंग, उंची आणि वास, हे सगळे गुण एका झाडात क्वचितच गोळा होतात. एक पकडावा तर दुसरा निसटतो. निवडणाऱ्याने वासाकडे लक्ष दिलं नाही तर वास गुपचूप निघून जातो. पुढच्या पिढीत तो आपोआप परत येत नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. मावळ तालुक्यातल्या पॉलिहाउसमधून फेब्रुवारीत परदेशी जाणारा गुलाब बघा. लांब सरळ दांडा, मोठी कळी, प्रवासात न कोमेजणं, यासाठी तो निवडलेला आहे. वासासाठी त्याला कोणी निवडलेलंच नाही. मग वास येणार कुठून? आजीच्या दारातल्या गुलाबाचा दांडा वाकडा होता आणि फूल संध्याकाळपर्यंत झडायचं, पण आजीला गुलकंद करायचा होता. तिने पिढ्यानपिढ्या त्याचीच फांदी लावली, त्याचीच फांदी लेकीला दिली. निवड तीही करत होती.

नावं कोणाची?

श्वेयदाबाईंच्या गुलाबांची नावं ऐकताना तुमच्या लक्षात आलं असेल. फ्रॉबिशर, हडसन, मुंक, कॅबट, बॅफिन. या मालिकेला 'एक्स्प्लोरर' म्हणजे शोधयात्री गुलाब म्हणतात. कॅनडाच्या समुद्रात आणि रानात फिरलेल्या दर्यावर्दींची आणि प्रवाशांची ही नावं. मालिकेत वीसहून जास्त गुलाब झाले. जिच्या हाताखाली हे काम सुरू झालं आणि वाढलं, तिचं नाव त्यांत नाही.

त्यातल्या येन्स मुंक यांची हकिगत ऐका. हे डेन्मार्कचे कप्तान. १६१९ मध्ये साठहून जास्त माणसं घेऊन कॅनडाच्या हडसन उपसागरात गेले आणि हिवाळ्यात अडकले. थंडी आणि आजार यांनी माणसं एकेक करून मेली. त्या काळच्या दर्यावर्दींना होणारा स्कर्व्ही हा रोग, ताज्या भाजी-फळांतलं क जीवनसत्त्व न मिळाल्याने हिरड्या सडायच्या आणि माणूस खंगून जायचा, तोही त्यांच्यात पसरला होता. कप्तान धरून तिघेच जिवंत परतले. आणि त्यांच्या नावाचा हा गुलाब शरद ऋतूत क जीवनसत्त्वाने भरलेली लाल फळं धरतो!

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला बाहेरून संत्री मिळेनाशी झाली, तेव्हा तिथल्या खेड्यांतल्या बायकांनी आणि शाळेच्या मुलांनी कुंपणावरच्या रानगुलाबांची फळं गोळा केली आणि त्यांचं सरबत लहान मुलांना दिलं गेलं. त्या बायका ज्या मंडळांतून एकत्र आल्या, त्यांना 'विमेन्स इन्स्टिट्यूट' म्हणतात. आणि पहिलं विमेन्स इन्स्टिट्यूट इंग्लंडमध्ये निघालं नव्हतं. ते निघालं कॅनडात, १९ फेब्रुवारी १८९७ रोजी, स्टोनी क्रीक नावाच्या गावी.

त्यामागे ॲडलेड हूडलेस नावाच्या बाई होत्या. त्यांचं तान्हं मूल १८८९ मध्ये गेलं. दूषित दुधामुळे गेलं असं सांगतात. त्या दुःखातून त्यांनी ठरवलं की घर चालवण्याचं, स्वच्छतेचं, अन्नाचं शिक्षण बायकांना मिळालं पाहिजे. शेतकरी पुरुषांच्या सभा होतात, मग बायकांची का नको, असा त्यांचा प्रश्न होता. १९१० मध्ये टोरंटोत भाषण देता देताच त्या कोसळल्या आणि वारल्या. त्यांनी सुरू केलेलं काम जगभरच्या खेड्यांत पोहोचलं. आपला बचत गट, आपलं महिला मंडळ हे आपल्या मातीतलं आहे, पण त्यांची बैठक आणि आपली बैठक यांत फार अंतर नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या मॉर्डन इथल्या संशोधन केंद्रात हेन्री मार्शल यांनी एक लाल, काटक गुलाब काढला. त्याचं नाव 'ॲडलेड हूडलेस'. म्हणजे एका गुलाबावर तरी बायकांच्या मंडळाची खूण उमटली.

प्रेस्टनबाई १९६५ मध्ये वारल्या, श्वेयदाबाई २०१६ मध्ये, पंचाण्णव वर्षांच्या होऊन. सरकारी केंद्रांतलं गुलाबाचं काम २०१० च्या सुमारास बंद झालं आणि दुसऱ्या संस्थेकडे गेलं. नवा गुलाब व्हायला पाच-दहा वर्षं लागतात आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी होतो. असं लांब पल्ल्याचं काम पहिल्यांदा कापलं जातं, हे आपल्यालाही नवीन नाही.

पण झाडं राहिली. ओटावात, अल्बर्टात, इतर थंड देशांतही, ज्या बाईला श्वेयदा हे नाव ठाऊकही नाही, तिच्या दारात बर्फ वितळल्यावर 'मार्टिन फ्रॉबिशर' पुन्हा पालवतो आणि जूनमध्ये दार उघडलं की वास आत येतो.

आता आपल्याकडे बघूया

आपल्याला उणे तीसची थंडी नाही. आपल्याला ऊन आहे, पाण्याची ओढ आहे. पण प्रश्न तोच आहे. आपल्या गावात अजून कुठेतरी, एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीशी, देवळामागे, विहिरीच्या कट्ट्याला गावठी गुलाब उभा असेल. तो उन्हाला टिकला, दुष्काळाला टिकला, कोणी फवारलं नाही तरी टिकला आणि त्याला वास आहे. श्वेयदाबाईंची परीक्षा तो पास झालेला आहे.

आम्ही आमच्या भागात शोधायला निघालो तेव्हा आठ दिवसांत तीन झाडं सापडली. त्यातलं एक घर पाडताना निघणार होतं. त्या घरच्या आजींनी आम्हाला फांद्या दिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सासूने लावलेला. तिचं नाव कोणाला सांगायचं तर तुम्हीच सांगा आता." आम्ही फांद्या लावल्या आहेत. सातांपैकी चार फुटल्या. चिठ्ठीवर त्यांच्या सासूबाईंचं नाव लिहिलं आहे.

तुमच्या गटात हे करून बघा:

१. गावात वासाचा जुना गुलाब कोणाकडे आहे, याची यादी करा. कोणी लावला, कधीपासून आहे, हे त्या घरच्या वयस्कर बाईला विचारून लिहून ठेवा.

२. पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या पक्व फांद्या घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्या. दोन-तीन डोळे मातीत जातील अशा लावा, सावलीत ठेवा, माती ओलसर ठेवा. हे छाट कलम, म्हणजे खुंट फुटण्याची भीती नाही.

३. डोळा भरलेलं रोप असेल तर सांध्याच्या खालून येणारा फुटवा मुळापासून काढा. वरून नुसता कापला तर तो दुप्पट जोमाने येतो.

४. पुढच्या बैठकीत चर्चा करा: आपल्या घरातल्या बियाणांची, कलमांची, रेसिपीची निवड कोणी केली? तिचं नाव आपल्याला माहीत आहे का?

तुमच्या यादीतल्या आजीचं, मावशीचं, सासूबाईंचं नाव आम्हाला कळवा. पुढच्या भागात आम्ही ती नावं वाचून दाखवू. तोवर नमस्कार, मैत्रिणींनो. काळजी घ्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत आपल्या गुलाबाचा वास एकदा घेऊन बघा. त्या वेळी तो सगळ्यात जास्त येतो.